वळूला आणखी काय चारू? : वाचकांची पत्रं, पशुवैद्यकाची उत्तरं

या महिन्यात टपालानं आणि व्हॉट्सॲपवर आलेले बरेचसे प्रश्न वळू, बोकड आणि मेंढ्याच्या खुराकाचे आहेत. एरवी नराविषयी कुणी विचारत नाही. गाय उलटली, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आली, की दोष गाईचा, शेळी गाभण राहिली नाही की शेळी बाजारात. म्हणून ही पत्रं वाचून मला मनापासून बरं वाटलं. एक गाय वांझ निघाली तर एका दावणीचं नुकसान होतं. वळू कमी पडला तर गावातल्या सगळ्या गाईंचं वर्ष वाया जातं. जागा थोडी आहे, त्यामुळं सांगोल्याच्या पत्राला सविस्तर उत्तर देते. बाकीच्यांनीही ते वाचावं, कारण पुढच्या उत्तरांत त्यातलं काही पुन्हा सांगणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे पाच वर्षांचा खिलार वळू आहे. पौषात खरसुंडीच्या यात्रेत त्याला बघायला लोक थांबत होते. रोज दहा अंडी, दोन लिटर दूध, अर्धा किलो तूप, मूठभर बदाम, खारीक, चार किलो मक्याचा भरडा आणि वर कॅल्शियमचं औषध असा खुराक आहे. अंगावर तेज आहे, उडीही मारतो, पण उन्हाळा संपल्यापासून भरवलेल्या गाया उलटताहेत. दुकानदार ताकदीची पावडर आणि एक इंजेक्शन सुचवतोय. आणखी काय चालू करू?
— एक वळूपालक, ता. सांगोला

उत्तर : दादा, चालू काहीच करू नका. जे चालू आहे त्यातलंच बरंचसं बंद करायचं आहे. आणि ते इंजेक्शन तर अजिबात नको, का ते पुढं सांगते.

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून माणदेशात खिलार खोंडाला पुन्हा भाव आला. जात टिकायची तर हे व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर शर्यतीच्या बैलाचा खुराक वळूच्या गव्हाणीत येऊन बसला. शर्यतीच्या बैलाला सराव असतो, तो खाल्लेलं जिरवतो. वळू दिवसभर दावणीला उभा असतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा कामाला येतो. त्याला हा खुराक म्हणजे नुसती चरबी.

आधी एक गोष्ट स्वतःच्या हातानं बघा. वळू शांत असताना, कुणीतरी वेसण धरलेली असताना, मागच्या बाजूनं वृषणाच्या पिशवीचा वरचा भाग चाचपा, जिथं ती पोटाला लागते तो. नीट राखलेल्या वळूत तिथं पिशवी बारीक होते आणि दोन्ही बाजूंचे दोर वेगवेगळे हाताला लागतात. तुमच्या वळूत ती जागा भरलेली, मऊ लागेल आणि दोर सापडणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. ती चरबी आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, उलट पिशवी मोठी दिसते म्हणून लोक खूशच होतात.

शुक्राणू घडायला अंगापेक्षा चार-पाच अंश थंड जागा लागते, म्हणून वृषण पोटाबाहेर असतात. वृषणाकडे जाणारं गरम रक्त आणि तिकडून परत येणारं गार रक्त त्या बारीक जागेत अगदी लगटून वाहतं आणि खाली जाणारं रक्त तिथंच निवतं. तिथं चरबी साठली की रक्त तसंच गरम खाली जातं. त्यात सांगोल्याचा एप्रिल-मे. मग वीर्य दिसायला भरपूर असतं, वळू उत्साहानं उडीही मारतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर शुक्राणूंच्या शेपट्या वळलेल्या, डोकी सुटलेली, कितीतरी हलतच नाहीत. गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते आणि आपण गाईला बोल लावतो.

आता दिवसांचा हिशेब. तुमच्या पत्रातल्या कोड्याचं उत्तर त्यातच आहे. वळूच्या वृषणात शुक्राणू घडायला ६१ दिवस लागतात. पुढं बाजूच्या नळीत पिकायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे आज गाईला मिळालेलं बीज सत्तर दिवसांपूर्वीच्या खाण्यातून, उन्हातून आणि दुखण्यातून आलेलं असतं. जुलैत गाया उलटल्या तर मे महिन्यात वळूचं काय चाललं होतं ते आठवायचं. मे महिन्यात ताप येऊन गेला असेल, लंगडत असेल, पाणी कमी पडलं असेल, तर त्याचं फळ जुलैत दिसतं. आणि आज दिलेल्या पावडरीचा गुण आठ दिवसांत दिसला असं कुणी सांगत असेल, तर ते होऊच शकत नाही.

खुराकातला एकेक जिन्नस घेऊ. वासरू दूध पितं तेव्हा ते दूध कोटीपोटाला, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला, वळसा घालून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. मोठ्या जनावरात तो रस्ता उरत नाही. दूध, अंडी, बदाम, सगळं आधी कोटीपोटात पडतं आणि तिथले जंतू त्यातली प्रथिनं फोडून टाकतात. बदामातलं प्रथिन आणि शेंगदाणा पेंडेतलं प्रथिन यांत ते भेद करत नाहीत. भेद पडतो तो तुमच्या खिशाला. तुपाचं तर नुकसानच आहे. दिवसभराच्या सुक्या अन्नात शेकडा सहा-सात भागांपेक्षा जास्त स्निग्ध पदार्थ गेले की चाऱ्याच्या तंतूंवर थर बसतो, तंतू फोडणारे जंतू मरतात आणि कडबा न पचता शेणात येतो. अर्धा किलो तूप, त्यात अंडी, दूध, बदाम आणि मक्यातली स्निग्धता धरली की तुम्ही त्या मर्यादेवर जाऊन पोचता. चार किलो मक्यानं कोटीपोट आंबतं, ती आम्लता पुढं खुरांत उतरते आणि वळू मागच्या पायांवर भार घ्यायला कचरू लागतो. उडी मागच्या पायांवरच असते.

कॅल्शियमची बाटली दुभत्या गाईसाठी आहे. गाईच्या दर लिटर दुधातून ग्रॅम-सव्वा ग्रॅम कॅल्शियम निघून जातं, ते भरून काढायला ती बाटली. वळूच्या अंगातून असं काहीच जात नाही. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम खाल्लेल्या वळूंच्या पाठीच्या मणक्यांवर हाड वाढतं, मणके एकमेकांना जुळतात, पाठ ताठरते. ऐन उमेदीत वळू निकामी होतो. ती बाटली आजच दुभत्या गाईकडे सरकवा.

इंजेक्शनचं असं. दुकानदार जे सुचवतो ते बहुतेक नराच्या संप्रेरकाचं, टेस्टोस्टेरॉनचं असतं. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत हे संप्रेरक रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं आणि ते वृषण स्वतः तयार करतं. बाहेरून टोचलं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे. तो वृषणाला हुकूम देणं थांबवतो. आतलं उत्पादन पडतं, वृषण लहान आणि मऊ होतात. चार दिवस वळू चेकाळल्यासारखा दिसेल, पण बीज आटत जाईल. चांगल्या रक्ताच्या वळूंची अशी वाट लागलेली मी बघितली आहे, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

मग द्यायचं काय? तुमचा वळू साडेचारशे-पाचशे किलोचा धरते. हिरवी वैरण १५ ते २० किलो, त्यात मका किंवा कडवळ जास्त आणि लसूणघास थोडा. ज्वारीचा कडबा पाच-सहा किलो, कुट्टी करून. आंबोण दोन-सव्वादोन किलो : मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी (डाळ भरडताना उरलेली कणी-टरफलं) आणि थोडा गव्हाचा भुसा. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. स्वच्छ पाणी मागेल तेव्हा. एवढंच. हिरव्याचा आग्रह मी धरते तो अ जीवनसत्त्वासाठी. ते कमी पडलं की वृषणातला शुक्राणू घडवणारा थरच झिजतो. कडबा वर्षभर गंजीत राहिला की त्यात ते जवळपास उरत नाही. यकृतातला साठा दोन-चार महिने पुरतो, म्हणून दुष्काळात नुसत्या कडब्यावर राहिलेला वळू लगेच नाही, पण पुढच्या हंगामात दगा देतो. हिरवं मिळतच नसेल त्या काळात मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) ठेवा आणि अ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा. तो पूरक आहाराचा खर्च सार्थकी लागतो.

हे सगळं एका दिवसात बदलू नका. तीन आठवड्यांत हळूहळू उतरवा. सकाळी उन्हाच्या आत तीन-चार किलोमीटर चालवा, अगदी रोज. बरगड्यांवरून हात फिरवला की शेवटच्या दोन-तीन बरगड्या हाताला लागायला हव्यात. डोळ्यांना दिसायला नकोत.

आणि या सगळ्याच्या आधी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात वीर्यतपासणी करून घ्या. सोबत ब्रुसेला (गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) आणि गाईंच्या संगातून पसरणाऱ्या रोगांची तपासणीही सांगा. माझा खुराकाचा अंदाज बरोबर असला तरी रोग नाही याची खात्री हवी, कारण नैसर्गिक रेतनात एक आजारी वळू सगळ्या गावाला रोग देतो. निकाल येईपर्यंत वळू बंद ठेवा. गावातल्या गाईंसाठी दवाखान्यात खिलारच्या गोठित रेताच्या (गोठवलेल्या वीर्याच्या) कांड्या मिळतात का ते विचारा. खुराक बदलल्यापासून सत्तर-ऐंशी दिवसांनी पुन्हा तपासणी करा. त्याआधी केलेल्या तपासणीवरून खुराकाचा गुण आला की नाही हे ठरवू नका.

प्रश्न : बचत गटाचं कर्ज काढून पंधरा उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड घेतला. बोकड दणकट व्हावा म्हणून त्याला गव्हाचा भुसा आणि मका मिळून रोज किलोभर वेगळं घालते. परवापासून तो लघवीला उभा राहून कुंथतो, थेंब थेंब येते, दात खातो. शेजारी म्हणतात पोट धरलंय, तेल पाजा. मागचा बोकडही असाच गेला होता.
— एक शेळीपालक भगिनी, ता. तुळजापूर

उत्तर : ताई, तुमचा निरोप मिळाला त्याच दिवशी आपण फोनवर बोललो आणि तुम्ही बोकड दवाखान्यात नेलात. तिथल्या डॉक्टरांनी वेळेत हात घातला, म्हणून तो वाचला. बाकीच्या वाचकांसाठी इथं लिहिते, कारण असे बोकड पोट धरलं म्हणून तेल पाजता पाजता जातात.

हा मुतखडा. बोकडाची मूत्रनळी अरुंद असते, मध्ये तिला नागमोडी वळण असतं आणि इंद्रियाच्या टोकाला धाग्याएवढी बारीक नळी असते. खडा त्या टोकात किंवा वळणावर अडकतो. तुमच्या बोकडात टोकात अडकला होता. ती नळी डॉक्टरांनी कापली आणि लघवी मोकळी झाली. पैदाशीला त्यानं फारशी बाधा येत नाही, काळजी करू नका. वळणावर अडकला असता तर शस्त्रक्रिया लागली असती आणि त्यानंतर बोकड पैदाशीला उरेलच याचा भरवसा नसतो.

खडा होतो खुराकातून. गव्हाच्या भुशात कॅल्शियमच्या सात-आठ पट फॉस्फरस असतो. मक्यातही फॉस्फरसच जास्त. बोकडाच्या एकूण आहारात हे उलटं हवं : कॅल्शियम दोन भाग, फॉस्फरस एक भाग. जादा फॉस्फरस लघवीत उतरतो, मॅग्नेशियमशी मिळून त्याचे खडे बनतात. थंडीत किंवा पावसाळी हवेत बोकड पाणी कमी पितो, लघवी घट्ट होते आणि काम बिघडतं.

रोज एक गोष्ट बघत जा. बोकडाच्या इंद्रियाच्या आवरणाच्या टोकाला केसांचा झुबका असतो. तो दोन बोटांत चोळा. ओला असला तरी केस मऊ लागले तर ठीक. बारीक पांढरट खर बोटांना लागली, तर आत खडे धरताहेत असं समजून त्याच दिवशी भुसा बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. हे लक्षण कुंथण्याच्या कितीतरी आधी दिसतं.

आता पंधरा शेळ्यांच्या बोकडाला किलोभर आंबोण लागतच नाही. शेळ्या माजावर येण्याच्या हंगामात पाव किलो ते तीनशे ग्रॅम, एरवी त्याहून कमी. त्यात मका, तुरीची चुणी, थोडी शेंगदाणा पेंड, भुसा मूठभर. बाकी पोट पाल्यानं भरू द्या : शेवरी, बाभूळ, बोर, शेवगा, तुरीचं भुसकट. लसूणघास एकटाच भरपूर घालू नका, त्यातल्या जादा कॅल्शियमनं दुसऱ्या जातीचे खडे होतात. खनिज मिश्रण दहा ग्रॅम, शिवाय मिठाची चाटण वीट टांगून ठेवा म्हणजे तो पाणी पितो. थंडीत पाणी कोमट करून दिलंत तर आणखी चांगलं. खडा विरघळवायला लघवी आम्ल करणारं अमोनियम क्लोराइड देतात, पण ते डॉक्टरांनी मापून द्यायचं. आणि नळी पूर्ण बंद असताना लघवी वाढवणारं कुठलंही औषध घरच्या घरी पाजू नये. मूत्राशय फुटतं.

गटातल्या बाकी जणींनाही हे वाचून दाखवा. एका बोकडावर सगळ्यांच्या शेळ्या अवलंबून असतात, आणि दवाखान्याचा रस्ता लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करायचा हे सगळ्यांना ठाऊक हवं.

प्रश्न : आमच्याकडे घरची कपाशी, घरची सरकी. गवळाऊ जातीचा दोन वर्षांचा गोऱ्हा पैदाशीसाठी राखतो आहे. त्याला रोज दीड-दोन किलो सरकी भिजवून घालतो. नवीन डॉक्टर म्हणतात, बंद करा, वळू बाद होईल. आमच्या आज्यापासून गाईबैलांनी सरकी खाल्ली, कोणाचं काही बिघडलं नाही. खरं काय?
— एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतात, आणि तुमचं म्हणणंही खोटं नाही. गाय आणि खच्ची केलेला बैल यांना सरकी मानवते. प्रश्न राखलेल्या वळूचा आहे.

एक सरकी घ्या, वरचं टरफल काढून आतला गर नखानं उभा चिरा. पांढरट गरात काळसर-जांभळे बारीक ठिपके दिसतील. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. कपाशीनं ते किडींपासून बचावासाठी ठेवलेलं असतं. शुक्राणूच्या मानेत त्याचं इंजिन असतं, शेपटी हलवायची ताकद तिथून येते. गॉसिपॉल नेमकं तिथं घाव घालतं. शुक्राणू घडवणारा थरही त्यानं खराब होतो. चीनमध्ये कच्च्या सरकी तेलावर स्वयंपाक करणाऱ्या काही गावांत माणसांना मुलं होईनाशी झाली आणि तिथूनच याचा शोध लागला. १९७० च्या दशकात तिथं पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून त्याच्या चाचण्याही झाल्या. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं आणि गोळी थांबवूनही काहींना मूल झालंच नाही, म्हणून तो नाद सोडावा लागला.

मोठ्या जनावराच्या कोटीपोटात गॉसिपॉलचा बराच भाग प्रथिनांना चिकटून निकामी होतो, म्हणून गाई तरून जातात. कोवळ्या गोऱ्ह्याचं कोटीपोट इतकं सक्षम नसतं, आणि रोजचा भार जास्त असला की मोठ्याचंही पुरं पडत नाही. अंगावर काही दिसत नाही, हाच धोका आहे. गोऱ्हा चकाकतो, वाढतो, उडी मारतो. गाया मात्र गाभण राहत नाहीत.

तुमच्या गोऱ्ह्याची सरकी बंद करा, ती दुभत्या गाईला घाला. त्याला शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड, तुरीची चुणी यांतलं जे घरचं किंवा जवळचं असेल ते द्या. पावसाळ्यात पेंड घेताना फोडून बघा. आत हिरवट बुरशी असेल तर कितीही स्वस्त असो, आणू नका, बुरशीचं विष यकृताबरोबर बीजालाही बाधतं. गिरणीत गरम होऊन निघालेल्या सरकी पेंडीत मोकळं गॉसिपॉल कच्च्या सरकीपेक्षा कमी असतं, पण राखलेल्या गोऱ्ह्याला मी तीही देणार नाही. ई जीवनसत्त्वानं गॉसिपॉलचा मारा काहीसा बोथट होतो हे खरं, पण सरकी चालू ठेवून वर जीवनसत्त्वावर खर्च करण्यात काय हशील? सरकी थांबली की बहुतेक वळूंचं बीज काही महिन्यांत सुधारतं. तुमच्या गोऱ्ह्याचं वय लहान आहे, वेळ हातात आहे. गवळाऊचे चांगले वळू आता फार उरले नाहीत, तेव्हा हा नीट राखाच.

प्रश्न : बंदिस्त शेळीपालन करतो. ऑनलाइन झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ई यांच्या वेगवेगळ्या पावडरी मिळतात. पैदाशीच्या बोकडाला तिन्ही चालू करू का? पाला मुख्यतः सुबाभळीचा आहे.
— एक तरुण शेळीपालक, ता. जुन्नर

उत्तर : तिन्ही एकदम नको. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत जस्त कमी आहे, म्हणून ते चाऱ्यातही कमी येतं. जस्त कमी पडलं की बोकडाचे वृषण नीट वाढत नाहीत आणि पिशवीची, पायांची, नाकपुड्यांभोवतीची कातडी जाड होऊन खपल्या धरते. तशा खपल्या दिसल्या आणि ती खरूज नाही हे डॉक्टरांनी पाहिलं, तर जस्त जरूर द्यावं, गुण येतो. पण चांगल्या खनिज मिश्रणात जस्त असतंच, आधी ते रोज नेमानं देता का ते बघा. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व शुक्राणूचं रक्षण करतात, पण सेलेनियमची गरज आणि विष यांत अंतर फार थोडं आहे. दोन डब्यांत मिळून ते दुप्पट गेलं तर केस आणि खूर गळतात, जास्त झालं तर बोकड दगावतो. डब्यामागचं लेबल वाचून एकाच ठिकाणाहून जाऊ द्या.

सुबाभूळ मात्र आजच कमी करा. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. तिच्या पाल्याचा भाग एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शावर गेला की केस झडतात, गळ्याखालची ग्रंथी सुजते आणि बोकडाची इच्छाच मंदावते. तुमच्या बोकडाच्या मानेचे केस ओढून बघा, सहज हातात आले तर माझं म्हणणं पटेल. शेवरी, तुती, हादगा लावून घ्या.

प्रश्न : आम्ही धनगर, आठ महिने मेंढरं घेऊन फिरतीवर. मेंढ्यांना दावणीचा खुराक कुठला? पावसाच्या तोंडावर मेंढ्या माजाला येतात तेव्हा मेंढे उन्हाळ्यानं खंगलेले असतात. वाटेवर करता येईल असं सांगा.
— एक मेंढपाळ, ता. माण

उत्तर : दादा, तुम्ही दुखणं अगदी नेमकं ओळखलंय. खाण्याला सर्वांत लवकर जबाब देणारा नर मेंढाच. ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीच्या नरांना हंगामाआधी दोन महिने ल्युपिन नावाचं कडधान्य चारून बघितलं, तर वृषण वाढले आणि शुक्राणूही वाढले. आपल्याकडे ल्युपिन नाही, पण कुळीथ आहे, मटकी आहे, तुरीची चुणी आहे.

मेंढ्यात शुक्राणू घडायला सात आठवडे लागतात, पिकायला वर दोन. म्हणून मृगाच्या पावसाला मेंढे तयार हवेत तर गुढीपाडव्यानंतर लगेच सुरुवात करायची, पाऊस पडल्यावर नाही. सगळ्या कळपाला घालायची गरज नाही, फक्त कामाचे मेंढे संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याशेजारी वेगळे बांधा. एकेकाला दोनशे-अडीचशे ग्रॅम : निम्मी बाजरी किंवा मका, निम्मी चुणी किंवा भिजवलेला कुळीथ. पहिल्या आठवड्यात मूठभरच, मग वाढवत न्या. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा झडतात, त्या पोत्यात भरून ठेवा. त्या फुकटच्या आहेत आणि प्रथिनं चांगली आहेत, मात्र ओल्या साठवू नका. ज्या शेतात मेंढरं बसवता तिथल्या मालकाकडून पैशाबरोबर मेंढ्यांपुरती चुणी मागून घेता आली तर तुमचा खर्चही वाचेल. सुरुवातीलाच जंताचं औषध द्या, नाहीतर घातलेलं जंतच खातील. खूर कापा. दुपारी बारा ते चार मेंढे झाडाखालीच ठेवा.

तयारी झाली की नाही ते हातानं कळतं. मेंढ्याला मागून धरून दोन्ही वृषण तळव्यांत घ्या. मूठ आवळल्यावर दंड जसा घट्ट लागतो, तसे ते घट्ट आणि दोन्ही सारखे लागले पाहिजेत. लिबलिबीत लागले तर तो मेंढा अजून तयार नाही. एक लहान एक मोठा, किंवा गाठ लागली, तर तो कळपात सोडू नका, आधी ब्रुसेलाची तपासणी.

आणि एक फार महत्त्वाचं. गाईम्हशींसाठी बनवलेलं खनिज मिश्रण मेंढ्याला कधीही घालू नका. त्यात तांबं जास्त असतं. मेंढ्याच्या यकृतात ते साठत जातं, कित्येक आठवडे काही दिसत नाही, आणि मग लांबची चाल, ऊन किंवा उपास घडला की एकदम रक्तात उतरतं. लघवी तांबडी-काळी होते, डोळे पिवळे पडतात आणि मेंढा एक-दोन दिवसांत जातो. पुडक्यावर मेंढीसाठी असं स्पष्ट छापलेलं असेल तेवढंच घ्या. नसेल मिळत, तर नुसत्या खडे मिठावर भागवा.